घाटाच्या पायथ्याशी पक्कड हातात देणाऱ्या काकांना

काका,

स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. टपरीवर पाटी नव्हती. खांबाला लटकवलेलं जुनं टायर, पंक्चर बघायची पाण्याची घमेली आणि खिळ्याला टांगलेला तारांचा जुडगा, एवढ्याच खुणा. महाडहून येताना पोलादपूरला गोवा महामार्ग सोडून डावीकडे महाबळेश्वरचा रस्ता धरला की आंबेनळी घाटाची खरी चढण लागायच्या आत तुमची टपरी येते. त्यापलीकडे पत्ता नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कुणी वाचून दाखवलं तर ओळख पटावी: डिसेंबरातली सकाळ, तीन सायकली, मागे दोन्हीकडे पिशव्या लावलेल्या, आणि त्यातल्या हिरवीच्या मागच्या चाकाची तार तुटलेली.

तुम्हाला चाकाचं शास्त्र सांगणं म्हणजे सोनाराला कानस दाखवणं. पण हे पत्र इतर सायकलवालेही वाचतील आणि तुमचं काम नुसतं ‘छान केलंत’ म्हणून उरकण्याजोगं नाही. तेव्हा जरा खोलात जातो, कंटाळू नका.

तार तुटली होती ती कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या बाजूची, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) कडीत शिरताना ती जिथे वाकते तिथे. लांबच्या सफरीत तारा बहुतेक इथेच जातात म्हटलं तरी चालेल. मागच्या चाकाला गिअरच्या चकत्यांसाठी उजवीकडे जागा सोडावी लागते, त्यामुळे चाकाची छत्री एकीकडे उभी आणि दुसरीकडे पसरट होते. उजव्या तारा कडक ओढलेल्या, डाव्या त्या मानाने ढिल्या. वरून माणसाचं वजन मागेच जास्त येतं आणि आमच्या शहाण्यांनी सामानही मागेच लादलेलं, चौदा किलो. चढावर लहान गिअर टाकून उभं राहून पेडल मारलं की साखळीचा बराचसा हिसका उजव्या तारांमधून रिमपर्यंत जातो.

आणि एक गोष्ट जी ‘सर्व्हिसिंग’ करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसते. तार बहुतेक वेळा जास्त ताणल्यामुळे तुटत नाही. ती तुटते ढिली राहिल्यामुळे. चाक फिरताना खाली, रस्त्याच्या बाजूला आलेल्या तारेवरचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की परत भरतो. मुळात पुरेशी ओढलेली असेल तर हा फरक ती पचवते. ढिली असेल तर दर फेऱ्याला तिचा बाक कडीच्या भोकात हलतो. आमच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेहून जास्त वेळा. लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहा, शेवटी पोरसुद्धा हाताने तोडेल. तसंच हे.

आता राग काढून घेतो, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं लिहिता येईल. निघायच्या आठ दिवस आधी हीच सायकल शहरातल्या एका चकचकीत दुकानात दिली होती. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर ओळीने टांगलेली जर्मन हत्यारं. बिलावर ‘व्हील ट्रूइंग, पुढचं-मागचं’ अशी ओळ होती आणि तिच्यासमोर चांगला घसघशीत आकडा. काम काय केलं? चाक डावी-उजवीकडे डुलणं थांबेपर्यंत दिसेल ती तार पिळली. डोळ्याला चाक सरळ. पण एकमेकींशेजारच्या तारांत एक तंबोऱ्यासारखी ताठ आणि दुसरी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. तुम्ही नुसत्या नखाने छेडून दाखवलंत: टण्ण, टण्ण, थप्प. ती ‘थप्प’ तुटलेल्या तारेच्या दोन्ही शेजारणींची होती. त्या दुकानात कान नावाचं हत्यार भिंतीवर नसावं.

तार तुटल्यावर त्यांना फोन लावला. उत्तर आलं, पूर्ण चाक बदलावं लागेल, माल मागवायला चार दिवस. महामार्गावर एका दुकानात विचारलं, तर सायकलीकडे न बघताच, ‘गिअरवालीला आम्ही हात लावत नाही.’ हात लावत नाही म्हणण्यात गैर काही नाही; बघायला काय झालं होतं?

मधल्या सात-आठ किलोमीटरमध्ये चाक आणखी बिघडलं. उजवी तार गेली की रिम त्या जागी डावीकडे सरकते, कारण डाव्या तारांना अडवणारं कुणी उरत नाही. डावा ब्रेक-पॅड घासायला लागला. मागचा ब्रेक मोकळा केला आणि तुटकी तार कॅसेटमध्ये अडकू नये म्हणून शेजारच्या तारेला चिकटपट्टीने बांधली, एवढंच जमलं. तारा ३६ होत्या म्हणून तेवढं चाललं. २४ तारांच्या रेसिंग चाकाला असलं झालं तर सायकल हातात धरूनच चालायचं. आणि ३६ असल्या तरी तसंच दामटून घाट चढणं मूर्खपणाचं, कारण गेलेल्या तारेचा भार शेजारच्या दोघींवर येतो, आणि त्या आधीच ढिल्या, थकलेल्या. एक गेली की दुसरी जाते, दुसरी गेली की संध्याकाळी टेम्पो शोधायचा.

तर काका, तुमचं काम.

सायकल गोणपाटावर उलटी केलीत. आधी हात चाकाला लावला नाहीत, पिशव्यांना लावलात. उचलून बघितल्यात, आमच्याकडे एकदा बघितलंत आणि बाजूला ठेवल्यात. तेवढ्यात काय ते समजलं.

खरी अडचण अशी की उजवीकडची तार हबमध्ये घालायची तर कॅसेट काढावी लागते, आणि त्यासाठी खास खाचांचं सॉकेट आणि साखळी जोडलेला दांडा लागतो. तुमच्याकडे ते नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं, आणि आमच्याकडे नसणं हा गुन्हा आहे. दुसरी अडचण, तुमच्याकडच्या तारा काळ्या सायकलीच्या. २८ इंची चाकाच्या, मागे ४० आणि पुढे ३२ लागतात त्या. आमच्या चाकाला लागते २९० मिलिमीटरच्या आसपासची. तुमची त्याहून बोटाच्या पेराच्या निम्म्याने लांब. शहरातला मेकॅनिक इथे ‘साइज नाही’ म्हणून हात झटकतो. तुम्ही म्हणालात, ‘लांब आहे म्हणून तर जमेल.’

पुढचं ज्यांना शिकायचंय त्यांनी नीट वाचावं. तुटक्या तारेचा उरलेला तुकडा निपलमधून, म्हणजे तार रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटातून, फिरवून काढला. निपल रिममध्येच राहू दिलं, म्हणजे टायर-ट्यूब उतरवायची कटकट नाही. मग नवी तार त्या निपलमध्ये दोन-तीन फेरे फिरवून पाहिली. आटे जुळतात का ते आधी, कापाकापी मग. (इथे आटे जुळले नसते तर नवं निपल घालायला टायर उतरवावं लागलं असतं.) माप घेतलं ते उजव्याच बाजूच्या धडक्या तारेवरून. डावीवरून घेतलं असतं तर फसलं असतं, कारण छत्रीमुळे डावी तार थोडी लांब असते. मापाच्या जागी खडूने खूण केली आणि तारेचं डोकं बाकासकट कापून टाकलं. आट्यांच्या टोकाला हात लावला नाही. लांब तारेचा फायदा हाच: कापायचं डोक्याकडून, आटे शाबूत राहतात.

मग खुणेवर पक्कडीने काटकोन. तिथून कडीच्या जाडीइतकी जागा सोडून, म्हणजे तीनेक मिलिमीटर, उलट दिशेला दुसरा काटकोन. पुढे पाच-सहा मिलिमीटरची शेपटी ठेवून बाकीचं छाटलं. इंग्रजी झेड अक्षरासारखा आकडा तयार झाला. शेपटीची धार कानशीने मारली, नाहीतर ती कॅसेटच्या मागे कुठेतरी खरवडत बसते. हा आकडा तिरका करून कडीच्या भोकात सरकवायचा आणि तार सरळ केली की तो आपोआप अडकतो. कॅसेट काढायची गरजच नाही. मग जोडीदार तारेकडे बघून तिच्यासारखीच इतर तारांच्या वरून-खालून नेली, निपलमध्ये बसवली आणि शेजारणींच्या सुरात येईपर्यंत ओढली.

सुरात हा शब्द मी लिहिलाय, तुम्ही नाही बोललात. तुम्ही नुसतं छेडत होतात आणि मान हलवत होतात.

आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढायला स्टँड नव्हता. ब्रेक-पॅड हाच गेज. चाक फिरवायचं, पॅडला घासेल तिथे खडू टेकवायचा, निपल पाव फेरा, परत फिरवायचं. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर तुमचा हात गेला नाही आणि नुसतं पिळतही गेला नाहीत. एका बाजूची आवळली की समोरच्या बाजूची तेवढीच सैल केलीत. ज्या दोघी ‘थप्प’ वाजत होत्या त्याही सुरावर आणल्यात. मग जे केलंत ते त्या एसीवाल्या दुकानात कुणी केलं नव्हतं: समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही मुठीत धरून करकचून दाबल्यात, चाकाचा पूर्ण फेरा. आतून टिक्, टिक् आवाज आले. पिळताना तारेत राहिलेला पीळ आणि बाकाशी न बसलेला ताण असा सुटतो. नाहीतर तो रस्त्यावर सुटतो आणि दहा किलोमीटरमध्ये चाक परत डुलायला लागतं. दाबून झाल्यावर पुन्हा एकदा आउट काढलात. मिलिमीटरभर राहिला, तो तसाच सोडलात. तो सोडून देणं हाही अनुभवच.

इथपर्यंत कुणीही चांगला कारागीर. आभाराचं पत्र खरं पुढच्या पाच मिनिटांसाठी आहे.

सायकल सुलटी झाली होती, पाकीट बाहेर निघालं होतं. तुम्ही खिळ्यावरून आणखी एक तार काढलीत, पक्कड तिच्यासोबत आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘ही तुमची तुम्ही वाकवा. वर घाटात मी कुठं येऊ?’

पक्कडीच्या दोन्ही दांड्यांवर ट्यूबचं रबर चढवलेलं, तुमच्या अंगठ्याच्या जागी ते झिजून आतलं लोखंड दिसत होतं. पोराने पहिला काटकोन बरा काढला, दुसऱ्याला घसरला. दोन बाकांमधलं अंतर पाच मिलिमीटर पडलं. म्हणजे कडीत खडखड वाजणारा आकडा, दोन घाटांत परत तुटणारा. तुम्ही हसला नाहीत. ‘असं नाही, तसं’ही म्हणाला नाहीत. ती तार डब्यात टाकलीत आणि खिळ्यावरची दुसरी काढून त्याच्या हातात दिलीत. यावेळी नुसतं पक्कडीच्या जबड्यावर खडूने रेघ मारलीत: इथपर्यंतच पकड, म्हणजे तीन मिलिमीटरच वाकेल. आकडा बरोबर आला. ती तार जुन्या ट्यूबच्या पट्टीत गुंडाळून, सीट उपसून नळीत सोडलीत आणि सीट परत खुणेवर बसवलीत.

विचार करा, काका, एरवी हे कुणी करत नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक परत यायला हवं असतं. डॉक्टर कागदावर जे लिहितो ते औषधवाल्यालाच वाचता येतं, वायरमन मुख्य बटणाचा डबा उघडताना पाठ करून उभा राहतो. ज्याला चार गोष्टी येतात तो त्यातली एक तरी मुठीत ठेवतो, त्यावर त्याचं पोट असतं, आणि त्याला नावं ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. पण तुमचंही पोट त्यावरच आहे की. खिळ्यावरच्या दोन तारा आणि वेळ गेला, आणि शिकवून पाठवलंत म्हणजे आम्ही परत येण्याची शक्यताही गेली.

पैसे घेतलेत हे मात्र फार बरं झालं. शंभराची नोट पुढे केली तर साठ परत दिलेत, मोजून. फुकट केलं असतंत तर घाटभर अपराधी वाटलं असतं. वाया गेलेल्या तारेचे धरलेत का विचारलं तर म्हणालात, ती मोजायची नसते.

आता पुढचं कळवतो, कारण काम कसं टिकलं हे कारागिराला कुणी कळवत नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, चढण तेराशे मीटरच्या घरात. सरासरी काढली तर शंभराला तीन-सव्वातीन. ऐकायला सोपं, पण सरासरीत उतार आणि सपाटीही येते, वळणांवर ती दुप्पट होते. पुढे ३० दाती आणि मागे ३४ दाती चकती टाकली की पेडलच्या एका फेऱ्याला सायकल दोन मीटरच्या आत सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर. बसूनच, न हिसडता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाण्याचे कॅन, हत्यारं आणि भांडी मिळून चार किलो पुढच्या पिशवीत घेतलं. सायकल चढावर जरा हट्टी झाली, हँडल डोलेनासं झालं आणि मागचं चाक निवांत.

पहिल्या दहा किलोमीटरला थांबून तारा छेडल्या. नव्या तारेत थोडी ढील आली होती, आकडा भोकात बसतो तेवढी येतेच. निपल पाव फेरा. वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्यापाशी, परत छेडल्या. काही नाही. महाबळेश्वरला काही नाही. पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट ही वेगळी परीक्षा, तिथे चाकाला चढाचा हिसका नसतो, ब्रेकचा असतो. साडेपाचशे मीटर उतार तेरा-चौदा किलोमीटरमध्ये. रिम-ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम चटका बसेल इतकी तापते. म्हणून दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, वळणाच्या आधी जोरात, वळणात मोकळे. वाईत उतरल्यावर चाक फिरवून बघितलं. तुम्ही सोडलेला तो मिलिमीटर तिथेच होता, ना वाढलेला, ना कमी झालेला.

रस्त्यात तुमच्यासारखे आणखी भेटले, त्यांचंही इथेच उरकतो. आंबेनळीच्या अवघड वळणाआधी एसटीवाल्याने मागून हॉर्न न वाजवता गाडी हळू केली आणि वळण संपेपर्यंत मागेच ठेवली. चढावरच्या एका घरातून बाईंनी हंड्यातून तीन बाटल्या भरून दिल्या, कुठून आलात हेसुद्धा न विचारता. आणि काच खाली करून ‘भाऊ, धक्का देऊ का?’ ओरडणारेही भेटले, ते काही मोजायचे नाहीत. तुमच्या वाया गेलेल्या तारेसारखे.

घरी आल्यावर कॅसेट काढून तुमची आकड्याची तार उतरवली आणि मापाची डोक्याची तार घातली. ती वाईट होती म्हणून नाही, आकडा हा शेवटी मुक्कामाला पोचण्यापुरताच, वर्षभर ठेवायचा नाही. सोबत आता उजव्या आणि डाव्या मापाच्या तीन-तीन तारा, निपल चावी आणि कॅसेटचं सॉकेट असतं. दुकानही बदललंय. नव्या माणसाकडे कॉफीचं मशीन नाही.

सीटच्या नळीतली तार मात्र पोराने काढू दिली नाही.

एक राहिलं. तुमची निपल चावी झिजलीय, काका. शेवटच्या दोन-तीन निपलांवर ती घसरत होती आणि तुम्ही चिंधी लावून पकड घेत होतात. अशाने निपलाचे कोपरे गोल होतात, हे तुम्ही आम्हाला सांगायचं ते आम्ही तुम्हाला सांगतोय. होळीच्या सुमारास परत तिकडून जाणार आहोत, यावेळी उलटे, महाबळेश्वरकडून खाली. नवी चावी घेऊन ठेवलीय, दोन मापांची, एक काळ्या सायकलीच्या निपलाला बसणारी आणि एक आमच्यासारख्यांच्या. सोबत तारांचा एक जुडगाही आणतो, वाया गेलेल्या धरून. टपरी त्या दिवशी बंद असेल तर शेजारच्या चहावाल्याकडे ठेवतो.

तुमचे,
हिरव्या सायकलीवाले